पायवाटेवरचे दिवे आणि न दिसणाऱ्या पायऱ्या

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

घराभोवतालच्या बागा, वसाहतींची आवारे आणि सार्वजनिक उद्याने यांमधल्या पायवाटांच्या कडेने दिवे बसवण्याची कामे अलीकडे पुष्कळ निघू लागली आहेत. दिवसभराची कामे उरकल्यावर चार पावले मोकळ्या हवेत टाकता यावीत ही अपेक्षा रास्तच आहे, आणि त्यासाठी कोणी खर्च करत असेल तर त्याचे स्वागत व्हायला हवे. परंतु वीजजोडणीच्या कामांवर देखरेख करण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतरही कोणी बोलावले तर असे काम पाहायला मी जातो. त्या अनुभवावरून सांगतो, की यांतले बरेचसे दिवे चालणाऱ्याची वाट उजळण्याऐवजी त्याचे डोळे दिपवतात, आणि जमिनीखाली त्यांची जोडणी अशी केलेली असते की दोन-चार मोठ्या पावसांनंतर ते एकतर बंद पडतात किंवा हात लावण्याजोगे राहत नाहीत. या दोन्ही गोष्टी टाळता येतात आणि त्यासाठी फार मोठा जादा खर्च येतो असेही नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या वसाहतीच्या बागेत गेल्या वर्षी असे दिवे लागले. कमरेएवढ्या खांबांवर पारदर्शक काचेचे गोळे आणि त्यांत पांढरेशुभ्र, प्रखर एलईडी बल्ब असे त्यांचे स्वरूप होते. पहिल्या संध्याकाळी बाग लांबूनच लखलखताना दिसली, सगळ्यांनी कौतुक केले आणि कौतुक करणाऱ्यांत मीही होतो. त्यानंतर चारच दिवसांनी आमच्या शेजारच्या ताई, ज्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या आहेत आणि त्या वाटेवरून वर्षानुवर्षे केवळ आजूबाजूच्या खिडक्यांमधून येणाऱ्या उजेडात बिनघोर फिरत होत्या, वळणावरच्या दोन दगडी पायऱ्यांवर पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. हात प्लास्टरमध्ये घालून त्या घरी आल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, दिवा दिसत होता, पायरीच दिसली नाही."

त्या रात्री मी त्याच जागी जाऊन उभा राहिलो. दिवा पायऱ्यांच्या पलीकडे, उतरणाऱ्याच्या बरोबर समोर होता. कमरेएवढ्या उंचीवरचा गोळा पायऱ्या उतरू लागणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत येत होता, त्यामुळे त्याच्याखेरीज दुसरे काही पाहणे कठीण होते. मी हात लांब करून तळव्याने तो गोळा झाकला. क्षणभर सगळे काळे झाले आणि मग हळूहळू पायरीची कड, दगडांच्या सांध्यात साठलेले शेवाळ, वरच्या पायरीवर चिकटून बसलेले एक ओले पान, इतके सगळे मागच्या इमारतीच्या उजेडात दिसू लागले. हात काढला की पुन्हा पायरीच्या जागी नुसता काळा पट्टा. हे मी चार-पाच वेळा करून पाहिले. ज्या दिव्याने ती पायरी दाखवायची, तोच ती लपवत होता.

असे का होते हे समजून घेतले तर पुढची सगळी निवड सोपी होते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आपल्या डोळ्याच्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी अंधूक उजेडात काम करतात. उजेडातून अंधारात आल्यावर शंकूपेशी साधारण दहा मिनिटांत सरावतात, पण दंडपेशींना पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. एवढ्या वेळात कमावलेला हा सराव समोरून आलेल्या एका प्रखर झोताने काही क्षणांत मोडतो आणि मग दिव्यामागचा भाग आहे त्याहून कितीतरी काळा भासतो. शिवाय डोळ्यात शिरणाऱ्या तीव्र उजेडाचा काही अंश डोळ्याच्या आतच विखुरतो आणि समोरच्या दृश्यावर धुक्यासारखा पसरतो. दगडाची कड आणि तिची सावली यांतला मुळात नाजूक असलेला फरक त्या धुक्यात पुसला जातो. एक दिवा ओलांडून पुढच्या काळोख्या पट्ट्यात, तिथून पुन्हा पुढच्या दिव्याच्या झोतात, असे चालताना डोळ्यांना कशाचीच सवय होऊ शकत नाही.

वय वाढते तसे हे अधिकच जाचक होते. वयाबरोबर बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, नेत्रभिंग पिवळसर आणि गढूळ होत जाते, आणि साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून वृद्धांसाठी उजेड जास्त हवा असे म्हटले जाते आणि ते खरेच आहे. परंतु त्याच गढूळ भिंगामुळे प्रखर दिव्याचा त्रासही त्यांनाच सर्वाधिक होतो, ही दुसरी बाजू विसरली जाते. त्यांना जमिनीवर अधिक उजेड हवा असतो आणि डोळ्यात कमी. बल्ब बदलून अधिक वॅटचा लावला की जमिनीवर आणि डोळ्यात दोन्हीकडे उजेड वाढतो, आणि त्याने काहीच साधत नाही.

उजेड किती लागतो याचाही आपला अंदाज फार चुकतो. जमिनीवर पडणारा उजेड लक्स या एककात मोजतात. भर उन्हात तो एक लाख लक्सच्या आसपास असतो, चांगल्या उजेडाच्या कार्यालयात टेबलावर तीनशे ते पाचशे, आणि निरभ्र आकाशातल्या पौर्णिमेच्या चांदण्यात जेमतेम पाव लक्स. त्या पाव लक्समध्ये आपल्याला ओळखीची वाट चालता येते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगायला नको. बागेच्या पायवाटेला एक ते पाच लक्स पुरतात, पायऱ्यांपाशी त्याहून थोडे अधिक, मात्र ते सारखे पसरलेले हवेत. दिव्याच्या पायथ्याशी पन्नास लक्स आणि दोन दिव्यांच्या मध्ये एकही नाही, अशा वाटेपेक्षा सगळीकडे दोन लक्स असलेली वाट कितीतरी सुरक्षित असते.

आता हा उजेड सारखा का पसरत नाही ते पाहू, कारण इथे अंतर आणि उंची यांचा हिशेब आड येतो. दिवा सर्व दिशांना सारखाच प्रकाश टाकतो असे धरले, तर खांबाच्या उंचीइतक्या अंतरावर जमिनीवरचा उजेड पायथ्याच्या उजेडाच्या साधारण एक-तृतीयांश उरतो, उंचीच्या दुप्पट अंतरावर अकरावा हिस्सा, आणि तिप्पट अंतरावर बत्तिसावा. आमच्या बागेत ९० सेंटिमीटर उंचीचे दिवे ६ मीटर अंतरावर लावलेले होते, म्हणजे मध्यावर दोन्हीकडचा उजेड मिळूनही पायथ्याच्या उजेडाचा विसावा हिस्सा जेमतेम पोचत होता. बरे, गोळ्याच्या दिव्याचा जवळजवळ निम्मा उजेड तर आडव्या रेषेच्या वर, झाडांत आणि आकाशात जातो. तो वाटेच्या उपयोगाचाच नसतो.

त्यामुळे दिवा निवडताना पहिली चौकशी अशी करावी, की उभ्या माणसाला त्यातला प्रत्यक्ष प्रकाशणारा भाग दिसतो का. वरून टोपी किंवा झाकण असलेला, उजेड खाली आणि बाजूंना पसरवणारा, एलईडी आत दडवलेला बुटका खांब हा पायवाटेसाठी सर्वांत चांगला. अशा दिव्यांची भिंगे उजेड मुद्दाम बाजूला फेकतील अशी घडवलेली असतात, त्यामुळे वर सांगितलेला हिशेबही बराच सुधारतो. दिवे वाटेच्या एकाच कडेला शिपायांसारखे ओळीत उभे करण्यापेक्षा दोन्ही कडांना आलटून-पालटून लावले तर सावल्या कमी पडतात. वळण, वाटांची तिकाटणी, उतार सुरू होतो ती जागा आणि पायऱ्या इथे दिवा आधी ठरवावा आणि उरलेले दिवे मग सरळ भागात वाटून द्यावेत. प्रत्यक्षात काम नेमके उलट्या क्रमाने होते, टेप लावून समान अंतरे मोजली जातात आणि पायरी जिथे येईल तिथे येते.

पायऱ्यांबद्दल स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण बागेत माणसे पडतात ती बहुधा तिथेच. एकच एक पायरी किंवा दोनच पायऱ्या या दहा पायऱ्यांच्या जिन्यापेक्षा अधिक घातक असतात; जिना लांबून कळतो, एकटी पायरी कळत नाही. उतरणाऱ्याला पायरीची कड कळते ती पायरीचा वरचा, आडवा भाग आणि त्याखालचा भाग यांच्या उजळपणातल्या फरकामुळे, म्हणून उजेड असा पडला पाहिजे की पाऊल ठेवायचा भाग उजळ राहील आणि कडेखाली स्पष्ट रेघ उमटेल. बाजूच्या कठड्यात किंवा भिंतीत, गुडघ्याच्या खाली बसवलेला, खाली झुकलेला लहानसा दिवा हे काम उत्तम करतो आणि त्याला दोन-तीन वॅटसुद्धा पुष्कळ होतात. मात्र प्रत्येक पायरीला तो मिळाला पाहिजे. तीनपैकी दोन पायऱ्या उजळल्या तर तिसरी नाहीच असे मन धरून चालते.

ही सगळी निवड कागदावर करू नये असे माझे ठाम मत आहे. चर खणण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी, पूर्ण अंधार पडल्यावर, दोघा-तिघांनी हातात साध्या विजेऱ्या घेऊन वाटेवर जावे. विजेरीचे तोंड खाली करून ती जिथे दिवा येणार त्या उंचीवर धरावी आणि तिसऱ्याने दोन्ही दिशांनी चालत यावे. या तिसऱ्या माणसाचे वय साठीच्या पुढे असेल तर फारच चांगले. अर्ध्या तासात कळते, की आराखड्यातले दोन दिवे निष्कारण आहेत आणि एक अत्यावश्यक जागा राहून गेली आहे. मी ज्या ज्या ठिकाणी हे करायला लावले तिथे दिव्यांची संख्या कमीच झाली आहे.

उजेडाच्या रंगाचा मुद्दा अनेकांना केवळ आवडीनिवडीचा वाटतो. दिव्याच्या खोक्यावर २७००, ४०००, ६५०० असे केल्विनचे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर पांढरा. पांढऱ्या एलईडीच्या आत मुळात निळा उजेड देणारा कण असतो आणि त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे आपल्याला एकत्रित पांढरा उजेड दिसतो. थंड पांढऱ्या दिव्यात तो निळा भाग अधिक राहतो. निळा प्रकाश डोळ्यात आणि हवेत अधिक विखुरतो, रात्री झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक दाबून ठेवण्यात त्याचाच वाटा मोठा असतो, आणि अनेक निशाचर कीटकही त्याच्याकडेच जास्त खेचले जातात. बागेसाठी २७०० केल्विन किंवा त्याहूनही कमी, म्हणजे पिवळसर उजेड घ्यावा. दुकानात शेजारी-शेजारी लावून पाहिले तर तो मंद वाटतो आणि पांढरा दिवा जिंकतो, पण दुकानातल्या झगमगाटात घेतलेला तो निर्णय बागेच्या अंधारात उपयोगी पडत नाही.

कीटकांचा उल्लेख केला आहे तर त्याबद्दलही लिहायला हवे, कारण बाग म्हणजे नुसती फिरायची जागा नाही, ती त्यांचे घर आहे. पतंग दिव्याभोवती का घुटमळतात याचे अनेक तर्क आजवर केले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचे उड्डाण टिपले, तेव्हा दिसून आले की उडताना कीटक आपली पाठ उजेडाच्या दिशेला ठेवतात. रात्रीचे आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, त्यामुळे एरवी या सवयीने त्यांना वर-खाली कळते. जवळ दिवा आला की पाठ दिव्याकडे वळते आणि बिचारे त्याच्याभोवती गरगरत राहतात. ते दिव्याकडे ओढले जातात म्हणण्यापेक्षा दिव्यापाशी अडकतात म्हणणे अधिक योग्य होईल. स्वित्झर्लंडमधल्या कुरणांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवे लावलेल्या जागी रात्रीच्या परागवाहक कीटकांच्या फुलांना होणाऱ्या भेटी अंधाऱ्या जागेपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी आढळल्या. रात्री उमलणारी सुगंधी फुले हौसेने लावायची आणि त्यांच्याच शेजारी रात्रभर प्रखर दिवा ठेवायचा, ही विसंगती आपल्या लक्षात येत नाही. झाडाच्या बुंध्याशी दिवा ठेवून उजेड वर फेकण्याची पद्धत तर सर्वस्वी टाळावी. त्याने वाट उजळत नाही, आणि फांद्यांवर झोपलेल्या पक्ष्यांची रात्र मात्र जाते.

रात्रभर सगळे दिवे लागलेले असावेत का, याचा विचार बसवतानाच झाला पाहिजे. रात्रीचे आकाश काळोखे राहावे यासाठी काम करणाऱ्या डार्कस्काय या आंतरराष्ट्रीय संस्थेने आणि प्रकाश-अभियंत्यांच्या संस्थेने २०२० मध्ये मिळून बाहेरच्या उजेडासाठी पाच तत्त्वे मांडली, ती मला फार समंजस वाटतात: उजेडाला निश्चित उपयोग असावा, तो हवा तिथेच पडावा, गरजेपेक्षा जास्त नसावा, हवा तेव्हाच असावा आणि त्याचा रंग ऊबदार असावा. यांतले चौथे तत्त्व टायमर आणि सेन्सर यांनी सहज साधते. येणे-जाणे थांबते त्या वेळेनंतर दिवे बंद किंवा अगदी मंद करावेत आणि माणूस आला तरच उजळावेत. सेन्सरबाबत एक बारकावा सांगतो. माणसाच्या अंगातल्या उष्णतेवर चालणारा सेन्सर समोरून सरळ त्याच्याकडे येणाऱ्या माणसापेक्षा त्याच्या समोरून आडवा जाणारा माणूस लवकर ओळखतो, म्हणून तो वाटेच्या टोकाला तोंड करून बसवू नये, कडेला बसवावा. नाहीतर माणूस पायरी उतरून गेल्यावर दिवा लागतो.

आता जमिनीखालच्या कामाकडे वळतो, कारण माझ्या मते खरी हेळसांड तिथे होते. ती दिसत नाही आणि म्हणून कोणी विचारतही नाही. आमच्याच बागेतले सहा दिवे पहिल्या मोठ्या पावसानंतर बंद पडले. मी वायरमनला बरोबर घेऊन दुसऱ्या खांबापाशी खणायला लावले. वीतभर मातीखाली केबल लागली. वर वाळू नाही, विटा नाहीत, धोक्याची सूचना देणारी पट्टी नाही, नळीत ओवलेली तर नाहीच. पुढे हातभर अंतरावर जोड सापडला. दोन तारा पिळून त्यांवर साधी काळी टेप गुंडाळलेली होती. टेप उलगडली तेव्हा आतून चमचाभर गढूळ पाणी गळले आणि तांब्याच्या जागी हिरवी भुकटी बोटांवर आली. कोणीही फावडे मारले असते तर ती केबल पहिल्याच घावात तुटली असती, आणि बागेत फावडे रोजच चालते.

त्याहून गंभीर गोष्ट पॅनेलमध्ये होती. विजेची गळती होऊ लागताच पुरवठा तोडणारे जे उपकरण असते, ज्याला आपण आरसीसीबी म्हणतो, ते ओलसर जोडामुळे सारखे पडत, म्हणजे पुरवठा तोडत होते. त्यामुळे दिवे बंद पडल्याच्या तक्रारी येत होत्या, आणि त्यावर उपाय म्हणून कोणीतरी ते उपकरण वगळून तारा थेट जोडून दिल्या होत्या. लोखंडी खांब, ओली माती, अनवाणी खेळणारी मुले, आणि मध्ये काहीही नाही. मी तिथल्या तिथे मुख्य बटण बंद केले आणि दुरुस्ती होईपर्यंत सुरू करू दिले नाही, त्याबद्दल काहींनी नाराजी दाखवली ती मी समजू शकतो, पण आजही तो प्रसंग आठवला की अंगावर काटा येतो. ३० मिलिअँपिअरचे हे उपकरण माणसाचा जीव वाचवण्यासाठीच बसवलेले असते. ते पडते तेव्हा ते बिघडलेले नसते, बिघाड कुठेतरी जमिनीत आहे हे सांगत असते. त्याचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे आणि ते वगळण्याची परवानगी कोणालाही, कोणत्याही कारणाने देऊ नये.

मुख्य वीजपुरवठा थेट बागेत न्यायचा असेल तर तो अधिकृत परवानाधारकाकडूनच न्यावा, खोल चरात, वाळूच्या थरावर, चिलखती म्हणजे पोलादी आवरणाच्या केबलने, आणि प्रत्येक धातूच्या खांबाला अर्थिंग देऊन. पण पायवाटेच्या दिव्यांना विजेच्या एवढ्या दाबाची, म्हणजे व्होल्टेजची, गरजच नसते. घराजवळच्या कोरड्या जागी सुरक्षित प्रकारचा ट्रान्सफॉर्मर बसवून पुढे १२ किंवा २४ व्होल्टवर दिवे चालवले, तर फावड्याचा घाव बसला तरी माणसाला धोका जवळजवळ राहत नाही. कमी दाबाची एक अडचण मात्र असते, ती म्हणजे लांबच्या तारेत होणारी घट. समजा ट्रान्सफॉर्मरपासून ३० मीटरवर एकूण ४० वॅटचे दिवे आहेत आणि दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली आहे. १२ व्होल्टवर सुमारे ३.३ अँपिअर प्रवाह वाहतो, जाऊन-येऊन ६० मीटर तारेचा रोध ०.७ ओहमच्या आसपास भरतो, आणि जवळजवळ अडीच व्होल्ट, म्हणजे पाचवा हिस्सा दाब, वाटेतच संपतो. मग शेवटचे दिवे मिणमिणतात किंवा लुकलुकतात आणि दोष दिव्यांना दिला जातो. तेवढेच दिवे २४ व्होल्टवर चालवले तर प्रवाह निम्मा होतो, घट सव्वा व्होल्टच्या आत राहते, आणि ती चोवीसातले जेमतेम पाच टक्के असते. १२ व्होल्टच हवे असतील तर तार जाड घ्यावी किंवा ट्रान्सफॉर्मर वाटेच्या मध्यावर आणून दोन्हीकडे फाटे काढावेत.

दिव्याच्या अंगावर आयपी ६५, आयपी ६७ असे आकडे छापलेले असतात, त्यांवर विसंबण्यापूर्वी त्यांचा अर्थ माहीत असावा. पहिला आकडा धुळीपासूनचे संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचे. ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि कोणत्याही दिशेने पाण्याचा फवारा चालतो. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडला तरी चालतो. खांबावरच्या दिव्याला ६५ पुरतो, जमिनीत गाडलेल्या दिव्याला किमान ६७ हवा, शिवाय त्याच्याखाली पाणी निचरून जाण्यासाठी खडीचा थर हवा. पण हा आकडा कारखान्यातून निघालेल्या दिव्याचा असतो. केबल आत शिरते तिथला ग्लँड, म्हणजे केबलभोवतीची फट बंद करणारी आवळपट्टी, नीट आवळला नाही, किंवा जाड केबलसाठीच्या ग्लँडमधून बारीक केबल घातली, तर आकड्याला काही अर्थ उरत नाही, कारण पाणी नेमके तिथूनच शिरते. जोड शक्य तो जमिनीखाली करूच नयेत, खांबाच्या आत उंचावर करावेत. करावेच लागले तर आत जेल भरलेले, ओलाव्यासाठी बनवलेले जोडच वापरावेत.

सौरदिव्यांविषयी बरेच जण विचारतात. मोकळ्या, उन्हाच्या वाटेवर खूण म्हणून ते ठीक आहेत. झाडाखाली त्यांचे पॅनेल पुरेसे भारित होत नाही, आणि आतली लहान बॅटरी वर्ष-दोन वर्षांत थकते, म्हणून पायऱ्यांचा भरवसा त्यांच्यावर ठेवू नये.

काम संपल्यावर केबल कुठून गेली आहे याचा नकाशा, कायम राहणाऱ्या खुणांपासूनच्या अंतरांसह, ठेकेदाराकडून लिहून घ्यावा. चर उघडे असतानाची छायाचित्रे काढून ठेवली तर त्याहून चांगले. आमच्याकडे असा कागद नव्हता, म्हणून सहा जोड शोधायला तीन दिवस आणि अर्धी हिरवळ गेली. वर्षातून दोनदा काचा पुसणे आणि दिव्यावर वाढलेली झुडपे छाटणे यांचीही जबाबदारी कोणावर तरी सोपवलेली असावी.

आमच्या बागेतले काम आता बऱ्याच अंशी नव्याने झाले आहे. चौदा दिव्यांपैकी पाच काढून टाकले, उरलेल्यांवर गोळ्यांच्या जागी खाली तोंड असलेल्या टोप्या आणि पिवळसर बल्ब बसवले, जोड उघडून पुन्हा केले, आरसीसीबी परत जागेवर आले, आणि वळणावरच्या दोन्ही पायऱ्यांना कठड्यातून एकेक लहान दिवा मिळाला. ताई पुन्हा फिरायला येऊ लागल्या आहेत, मात्र त्या पायऱ्यांपाशी अजूनही थांबतात आणि कठडा धरूनच उतरतात. फाटकाजवळचे दोन उंच, उघडे दिवे तेवढे जुनेच आहेत. ते काढले तर बाग रस्त्यावरून उठून दिसणार नाही असे काही सभासदांचे म्हणणे आहे. ते बदलावेत अशी लेखी विनंती मी समितीकडे केली असून येत्या बैठकीत त्यावर निर्णय व्हायचा आहे. बैठकीपूर्वी सगळ्या सभासदांनी एकदा रात्री फाटकातून आत चालत यावे, एवढे त्या विनंतीत मी आवर्जून लिहिले आहे.

आपला नम्र,
वीजजोडणी क्षेत्रातून निवृत्त झालेला एक वाचक